बोअरमधला कोअर: पेटीत भरण्यापासून प्रयोगशाळेत पोचेपर्यंत

धरणाचा पाया, पुलाचा खांब, उपसा सिंचनाचं पंपगृह, रेल्वेचा बोगदा, यांपैकी कुठलंही काम निघालं की आधी हिऱ्याच्या बिटने भोक पाडून खालच्या खडकाची कांडी वर काढतात. साइटवर तिला सगळे कोअर म्हणतात. कोअर काढायला मशीन, डिझेल, पाणी, माणसं असं सगळं लागतं, आणि नंतर तोच कोअर उघड्या पेटीत उन्हात पडून राहतो. पेटीवरची अक्षरं पुसली गेली की तो कुठल्या खोलीचा हे कुणालाच सांगता येत नाही. खोलीचा पत्ता हरवलेला कोअर म्हणजे फार महागात पडलेली खडी.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या साइटवर नव्याने सुपरवायझर म्हणून लागलेल्यांसाठी, भूशास्त्राची पदवी घेऊन पहिल्यांदाच रिगवर (भोक पाडायच्या मशीनवर) उभं राहणाऱ्यांसाठी आणि प्रयोगशाळेत नमुने उतरवून घेणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. शेतातल्या पाण्याच्या बोअरला हॅमरची गाडी लागते, तिच्यातून कोअर मिळत नाही, नुसता चुरा मिळतो. इथलं काहीच त्याला लागू नाही.

१. आधी खडक ओळखा, मग बांधणी ठरवा

सगळ्या कोअरला मेण लावायची गरज नसते, आणि सगळा कोअर नुसता पेटीत टाकूनही चालत नाही. खानदेशात साधारण पुढचे प्रकार हाती येतात.

घट्ट काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट: याची काळजी नको. क्रमाने पेटीत ठेवला, खोली लिहिली, हलू दिला नाही, एवढं पुरे.

मांजऱ्या: म्हणजे पोकळ्या पांढऱ्या-हिरवट खनिजांनी भरलेला बसाल्ट. दिसतो ठणठणीत, पण त्या भरणातलं लोमोंटाइट हे झिओलाइट कोरड्या हवेत आपलं पाणी सोडतं आणि पांढरं पीठ होऊन गळतं. एप्रिल-मेच्या हवेत हे लवकर होतं. मग प्रयोगशाळेला वाटतं की खडक मुळातच भोकांचा होता.

तांबडा बोल: दोन लाव्हा प्रवाहांच्या मधला विटकरी थर. सगळ्यात जास्त घात इथेच होतो, कारण पायाच्या दृष्टीने नेमका हाच कमजोर पट्टा महत्त्वाचा असतो. यात फुगणारी चिकण माती असते. बॅरलमधून (कोअर ज्या नळीत बसून वर येतो तिच्यातून) निघताना कांडी अखंड, गुळगुळीत, ओली असते. तासाभरात अंगावर केसासारख्या चिरा उमटतात, दुपारपर्यंत कडेचे पापुद्रे सुटतात, आणि त्यावर कुणी "धूळ गेली पाहिजे" म्हणून पाणी मारलं की पेटीत गाळ उरतो. बोलवर पाणी मारायचं नाही आणि तो सुकूही द्यायचा नाही. बॅरलमधून निघाल्या निघाल्या गुंडाळायचा.

हिरवट झाक असलेला बसाल्ट: क्लोरोफेआइट असेल तर ताजेपणी हिरवं दिसणारं हे खनिज हवा लागली की काळं-तपकिरी पडतं. रंग लॉगमध्ये (बोअरच्या नोंदीत) लगेच लिहा. दुसऱ्या दिवशी लिहिलेला रंग वेगळाच असतो.

डाइक: म्हणजे जुन्या खडकाच्या भेगेत शिरून थिजलेल्या लाव्ह्याची भिंत. धुळे-नंदुरबारकडे भरपूर. खडक कठीण, पण सांधे (खडकातल्या मूळच्या भेगा) जवळजवळ. उचलताना कांडी सांध्यावर सुटते, म्हणून हलवण्याआधीच चिकटपट्टीचा एक वेढा द्या.

तापीकाठचा गाळ: पोयटा, पिवळी चिकण माती, वाळू, गोटे. इथे खडकाचे नियम चालत नाहीत. खाली सातव्या पायरीत वेगळं दिलं आहे.

२. सामान आधी गोळा करा

रिग सुरू झाल्यावर बाजारात माणूस पाठवायचा म्हणजे तेवढा वेळ कोअर उन्हात. त्यामुळे पुढची यादी आदल्या दिवशी तपासा:

- कोअर पेट्या, झाकणासह, अंदाजापेक्षा दोन-तीन जास्त
- लाकडी गुटके (खणाच्या रुंदीचे, एक बाजू रंधलेली)
- ऑइल पेंटचे मार्कर काळा, लाल, निळा, सुतारी पेन्सिल
- अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या व खिळे
- स्वयंपाकघरातली पारदर्शक फिल्म, अ‍ॅल्युमिनियम फॉइल, मलमल
- पॅराफिन मेण आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेण, दोन भांडी, थर्मामीटर, ब्रश
- शेतात वापरतात तो पीव्हीसी पाइप, लांबीत उभा चिरलेला
- फोम किंवा बबल शीट, सुती नाडी, स्टीलचा टेप, कॅमेरा
- ताडपत्री, गोणपाट, पाण्याचा ड्रम, वाळूची बादली

पाइपाचं माप चुकतं, म्हणून सांगतो. एनएक्स या ठरलेल्या मापाचा कोअर ५४.७ मिलिमीटर जाडीचा असतो. फिल्म, फॉइल, कापड, मेण असं सगळं धरून तो फुगतो, त्यामुळे ७५ चा पाइप घट्ट होतो. ९० चा घ्या आणि उरलेल्या जागेत फोम भरा. एचक्यू हे त्याहून मोठं माप (६३.५ मिलिमीटर) असेल तर ११० चा. जळगावात ठिबकच्या दुकानात हे पाइप कुठेही मिळतात.

पेटीचं माप टेंडरमध्ये दिलेलं असतं, तेच पाळा. कोअरची नोंद आणि साठवण यासाठी आयएस ४०७८ हे भारतीय मानक आहे, टेंडरात बहुधा त्याचाच उल्लेख असतो. मोकळीक असेल तर वजनाचा हिशोब करा: एनएक्स बसाल्ट मीटरला साधारण साडेसहा किलो, एचक्यू जवळपास नऊ किलो. दीड मीटरच्या पाच खणी पेटीत साडेसात मीटर एनएक्स बसतो, म्हणजे नुसता दगडच ४९ किलो. वर पेटीचं वजन. दोघांना उचलता येते, पण शेताच्या बांधावरून नेताना कुणाचा तरी पाय घसरतोच. कच्च्या रस्त्याच्या साइटला चार खणी पेटी बरी.

खण कोअरपेक्षा चार-पाच मिलिमीटरच रुंद हवा. मोकळा खण असला की कांड्या वाटेत गडगडतात, आणि सांध्यांच्या कडा झिजून गोल होतात.

३. बॅरलमधून पेटीत

बॅरल आडवं धरून कोअर अलगद सरकवा, शक्यतो चिरलेल्या पाइपात. बॅरलवर हातोडा मारून कोअर पाडायची सवय बऱ्याच रिगवर असते. तिथे ऑपरेटरला आधीच सांगून ठेवा, कारण हातोड्याने पडलेली भेग आणि खडकातला खरा सांधा नंतर वेगळा करणं अवघड जातं. मोटरपंपाच्या दाबाने सरकवणं जास्त बरं, मात्र तांबड्या बोलला तेही नको.

पेटी पुस्तकासारखी भरायची: डाव्या वरच्या कोपऱ्यातून सुरुवात, ओळ संपली की खालच्या ओळीत पुन्हा डावीकडून. बिजागरी वरच्या बाजूला येईल अशी पेटी ठेवा. हे एकदा ठरलं की पूर्ण साइटवर बदलायचं नाही.

कांडीचं तोंड उलटं जाणं हा सगळ्यात जास्त घडणारा घोळ. मजूर विचारतो, "हाई तोंड वरनं शे का खालनं?" आणि त्या वेळी कुणाकडेच उत्तर नसतं. म्हणून कांडी बॅरलमधून निघतानाच तिच्यावर खालच्या दिशेचा बाण काढा. सोबत दोन समांतर रेघा ओढा, एक लाल आणि एक काळी: कांडीचं वरचं तोंड वर धरलं की लाल रेघ उजवीकडे आली पाहिजे. मग कांडीचा चार बोटांचा तुकडा जरी पेटीतून पडला तरी तो कसा बसवायचा ते कळतं.

हाताने किंवा मशीनने मोडलेल्या जागी दोन्ही तोंडांवर फुली मारा. पेटीत बसावी म्हणून कांडी मोडावी लागली तर तिथेही फुली. ही फुली नसली की लॉग करणारा तो सांधा समजतो आणि आरक्यूडी (खडक किती अखंड आहे ते सांगणारा टक्का) नाहक खाली येतो.

४. गुटके आणि हरवलेला कोअर

प्रत्येक रन (बॅरल एकदा खाली जाऊन वर येईपर्यंतची खोदाई) संपला की एक गुटका. त्यावर बोअर क्रमांक, खोली, रनची लांबी आणि मिळालेला कोअर. उदाहरणार्थ रन १२.०० ते १३.५० मीटर, मिळाला १.२० मीटर. म्हणजे रिकव्हरी ८० टक्के. त्यात दहा सेंटिमीटर किंवा जास्त लांबीच्या तुकड्यांची बेरीज ०.८४ मीटर आली तर आरक्यूडी ५६ टक्के. भागाकार रनच्या लांबीने करायचा, मिळालेल्या कोअरच्या लांबीने नाही. नव्या मुलांचा इथेच गोंधळ होतो आणि आकडा फुगतो.

मग ०.३० मीटर गेला कुठे? तेवढ्या लांबीचा वेगळ्या रंगाचा गुटका पेटीत टाका आणि त्यावर "गेला ०.३०" लिहा. नक्की कुठून गेला ते ऑपरेटरला विचारा: पाण्याचा रंग कधी बदलला, रॉड कधी एकदम खाली बसला. त्यावरून जागा ठरते. जागा कळली नाही तर रनच्या शेवटी. पेटी भरलेली दिसावी म्हणून कांड्या लांब लांब ठेवून फट लपवणं हे मात्र अजिबात नको. असा कोअर लॉगशी जुळत नाही आणि मग सगळ्या बोअरवरच शंका येते.

लिहिताना साधा मार्कर वापरू नका, उन्हात दोन महिन्यांत उडतो. रंधलेल्या लाकडावर सुतारी पेन्सिल आश्चर्य वाटावं इतकी टिकते. पेटीच्या दोन्ही आखूड बाजूंवर आणि झाकणाच्या आतून प्रकल्प, बोअर क्रमांक, पेटी क्रमांक (३/११ असा), पासून-पर्यंत खोली हे ऑइल पेंटने लिहा. शिवाय अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने तेच कोरून पेटीला ठोका. वाळवीने लाकूड खाल्लं तरी पट्टी राहते.

५. फोटो

पेटी भरली की त्याच दिवशी. कॅमेरा पेटीच्या बरोब्बर वर, तिरका नको. मोजपट्टी आणि पाटी फ्रेममध्ये. एक फोटो कोरडा, एक ओला. ओल्यात रंग आणि पोत उठून दिसतो. बोल किंवा माती असेल तर ओला फोटो काढायचा नाही. भर दुपारी सावल्या कांडीच्या कडेला पडतात, म्हणून ताडपत्रीच्या सावलीत काढा.

६. ओल टिकवायची तर: फिल्म, फॉइल, मेण

बोल, ब्रेशिया (तुटक्या तुकड्यांचा जुळून झालेला खडक), कुजलेला बसाल्ट आणि ज्या कांडीची ताकद किंवा ओलावा तपासायचा आहे ती, यांना हे लागतं. ताकदीच्या चाचणीला कांडीची लांबी जाडीच्या दोन ते तीन पट लागते, शिवाय दोन्ही टोकं कापून घासतात. म्हणजे एनएक्सची कमीत कमी १८ ते २० सेंटिमीटरची, मधे भेग नसलेली कांडी निवडा. पेटीतून ती काढली की तिच्या जागी तेवढाच गुटका: "नमुना, १४.२२ ते १४.४३, तारीख, कशासाठी".

क्रम असा:

- ओल्या फडक्याने वरचा चिखल टिपा. धुऊ नका.
- पारदर्शक फिल्म ताणून दोन वेढे, हवा अडकू न देता. टोकं पिळून बंद.
- त्यावर फॉइल, हाताने दाबून अंगाबरोबर.
- फॉइलवर पहिली चिठ्ठी, वरच्या तोंडाला बाण.
- मलमलचा एक थर. मेणाला पकड मिळते आणि थर तडकत नाही.
- मेण ब्रशने किंवा बुडवून, तीन हात. प्रत्येक हात निवल्यावर पुढचा.
- बाहेरून दुसरी चिठ्ठी, तिच्यावर पुन्हा मेणाचा पातळ हात.

मेण थेट जाळावर कधीही तापवू नका. मोठ्या भांड्यात पाणी, त्यात मेणाचं भांडं, अशी सोय करा. मेणाला आग लागली तर पाणी ओतायचं नाही, वाळू टाकायची; बादली त्यासाठीच आहे. मेण वितळण्याच्या जरा वर, एवढंच तापमान ठेवा. धूर निघेपर्यंत तापलेलं मेण पाण्यासारखं पातळ होतं, फिल्म वितळवतं आणि भेगांत शिरतं.

आता खास इथली अडचण. साधं पॅराफिन ५५ ते ६० अंशांच्या आसपास वितळतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या घरात असतो आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या पत्र्याआत ६० गाठायला वेळ लागत नाही. पुण्या-मुंबईकडे चालणारं नुसतं पॅराफिन इथे मऊ पडून खालच्या बाजूला ओघळतं आणि वरची बाजू उघडी होते. म्हणून मायक्रोक्रिस्टलाइन मेण निम्म्याला निम्मं मिसळा. ते जास्त तापमानाला वितळतं आणि थंडीत तडकतही नाही.

मेण लावलेली कांडी चिरलेल्या पाइपात फोमवर ठेवा, वरून दुसरा अर्धा पाइप, तीन ठिकाणी चिकटपट्टी. पाइपावर तिसरी चिठ्ठी. तीन चिठ्ठ्या जास्त वाटतात, पण वाटेत एक हमखास निघते.

७. मातीच्या नळ्या

तापीच्या गाळातले नमुने पातळ नळीत घेतात. नळी वर आली की दोन्ही टोकांची विस्कटलेली माती काढा, फिल्म-फॉइलची चकती बसवा आणि निदान २५ मिलिमीटर जाड मेण दोन-तीन थरांत ओता. एकदम ओतलं तर निवताना आकसून कडेला फट पडते. वर मोकळी जागा राहिली तर भुसा किंवा ओली वाळू दाबून भरा, टोपण, चिकटपट्टी. नळीवर "वर" असं लिहा आणि ती जमिनीत होती तशीच, उभी न्या. आडवी नेलेली वाळूची नळी म्हणजे नमुना गेलाच. मोटरसायकलला बांधून नळ्या नेऊ नका, कितीही घाई असली तरी.

८. पेटी बंद करून गाडीत

पेटीतली प्रत्येक मोकळी जागा फोमने भरा. झाकण दाबल्यावर आत खुळखुळ ऐकू आली तर उघडा आणि पुन्हा भरा. झाकणाला खिळे नाही, स्क्रू. खिळे ठोकताना प्रत्येक ठोक्याला कोअर हादरतो आणि उघडताना पहारीने पेटी फुटते.

रावेर-यावलकडे हाताशी केळीची सुकी पानं असतात, केळीच्या गाड्यांत तीच घालतात, त्यामुळे मजूर कोअरच्या पेटीतही तीच कोंबतात. केळीला ती ठीक आहेत. कोअरच्या पेटीत ती ओल शोषतात, चुरा होऊन दबतात, मग पेटीत पुन्हा पोकळी, आणि पावसाळ्यात बुरशी-वाळवी. कापसाचा कचराही नको.

साइटपासून डांबरीपर्यंत बहुतेक वेळा ट्रॅक्टर-ट्रॉली लागते, काळ्या भुईत पावसाळ्यात दुसरं काही जातच नाही. ट्रॉलीला स्प्रिंग नसते आणि सगळं नुकसान या पहिल्या तीन-चार किलोमीटरमध्येच होतं. तळाला अर्ध्या भरलेल्या वाळूच्या गोण्या पसरा, त्यावर पेट्या, लांबी गाडीच्या लांबीत. तीन थरांच्या वर नको. दोरीने आडवं-उभं बांधा. मेणाचे नमुने आणि नळ्या ट्रॉलीत न टाकता जीपच्या सीटवर.

मोठी गाडी संध्याकाळी भरा आणि रात्री काढा. धुळ्याहून नाशिककडे किंवा चाळीसगावहून कन्नड घाट चढून जायचं असो, सकाळी ऊन चढायच्या आत गाडी प्रयोगशाळेच्या दारात हवी. उघड्या गाडीत ताडपत्रीखाली ओलं गोणपाट घाला, पण मेणाच्या नमुन्यांवरच. लाकडी पेट्यांवर ओलं गोणपाट घातलं तर त्या फुगून झाकणं अडकतात. पार्ट लोडमध्ये (दुसऱ्यांच्या मालासोबत एकाच गाडीत) पाठवत असाल तर वर काय चढणार ते ड्रायव्हरला विचारून घ्या.

९. कागदपत्रं

- पेटी यादी, तीन प्रती: एक गाडीत, एक प्रयोगशाळेला, एक तुमच्याकडे
- नमुना यादी: क्रमांक, खोली, खडक, हवी ती चाचणी
- बोअर लॉगची प्रत आणि फोटो
- ताबा नोंद: कुणी दिलं, कुणी घेतलं, तारीख-वेळ, सही
- डिलिव्हरी चलन, त्यावर "चाचणीसाठी नमुना, विक्रीसाठी नाही" (जीएसटीच्या नियम ५५ मध्ये याची तरतूद आहे)
- कार्यालयाच्या लेटरहेडवर पत्र

शेवटचं पत्र विसरू नका. वाटेत गौण खनिजाच्या तपासणीला गाडी थांबली की ताडपत्रीखाली दगड दिसतात, आणि ड्रायव्हरला ते कशाचे हे सांगता येत नाही. पत्रात प्रकल्पाचं नाव, पेट्यांची संख्या, कुठून कुठे आणि संपर्क असावा. चलनावर लाखाच्या वर किंमत दाखवणार असाल, किंवा माल राज्याबाहेर जाणार असून किंमत ५० हजारांच्या वर असेल, तर ई-वे बिलाचं आधी हिशोबवाल्यांशी बोला.

नाशिकची मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) असो, खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था असो की खासगी प्रयोगशाळा, गाडी निघण्याआधी फोन करून नमुने किती आणि केवढे लागतील ते विचारा, उतरवून घ्यायची वेळही. शुक्रवारी संध्याकाळी निघालेली गाडी शनिवार-रविवार गेटबाहेर उन्हात उभी राहते.

उतरवताना पेटी यादीवर प्रत्येक पेटीसमोर खूण आणि मेणाला तडा, ओघळ, चिठ्ठी गायब असं जे दिसेल ते लिहून दोघांच्या सह्या. नंतर वाद होत नाही.

१०. साठवण

बाकीचा कोअर साइटजवळच्या गोदामात राहतो. जमिनीपासून वीतभर उंच रॅक, भिंतीपासून अंतर, वाळवीचं औषध. नुसता पत्र्याचा शेड असेल तर आतून छताखाली काहीतरी आच्छादन घाला. पेट्या रॅकशिवाय रचल्या तर छातीच्या वर जाऊ देऊ नका. तळाची पेटी काढायला वरच्या पाच हलवाव्या लागतात, आणि मग कुणी काढतच नाही. बोअरनुसार रांग, आखूड बाजू बाहेर, म्हणजे नाव वाचता येतं. नोंदवहीत रॅक-कप्पा-पेटी आणि कुणी काय काढून नेलं याचा रकाना ठेवा.

जुना कोअर कशाला ठेवायचा, असा प्रश्न दर वर्षी निघतो. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या बोअरने सुमारे ३३८ मीटर बसाल्ट पार करून खालचा पायाचा खडक गाठला. तो कोअर जपून ठेवला म्हणून नंतर कितीतरी वर्षं संशोधकांना त्यावर काम करता आलं. आपल्या पुलाच्या बोअरला एवढं महत्त्व येईलच असं नाही, पण पायाला तडा गेला किंवा ठेकेदाराने "खडक जास्त कठीण निघाला" म्हणून वाढीव दर मागितला, की सगळ्यात आधी पेट्याच उघडतात.

काम संपल्यावर कोअर टाकून द्यायचा असेल तर मालक कार्यालयाची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय एकही पेटी रिकामी करू नका. रिकाम्या पेट्या पुढच्या बोअरला वापरणार असाल तर जुनी अक्षरं रंधा मारून काढा आणि अ‍ॅल्युमिनियमची पट्टीही उपटा, नाहीतर एकाच पेटीवर दोन बोअरची नावं राहतात.